कॉलबॅकनं नेस्टेड ॲरे जाग्यावरच बदलताना & कुठं तुटतो

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला मागचं शोधत बसायला नको. गडहिंग्लजकडच्या एका पोरानं विचारलंय, गावच्या दूध संस्थेचं संकलन एक्सेलमधून पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत घेतलंय, ॲरे (एका नावाखाली ठेवलेली डेटाची यादी) चार पातळ्या खोल आहे, म्हणजे आधी जनावर, म्हणजे म्हैस का गाय, त्यात वेळ, म्हणजे सकाळ संध्याकाळ, त्यात उत्पादकाचा कोड, आणि त्यात लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅटशिवायचा घन भाग), नाव, पत्ता, मोबाईल. आकडे सगळे मराठीत टाइप केलेले आणि मागंपुढं स्पेस. त्याला हे सगळे आकडे त्याच ॲरेत, नवीन ॲरे न करता, साफ करून खऱ्या नंबरमध्ये बदलायचेत. ॲरे_मॅप वापरून बघितलं, फोरईच (एकेक ओळ घेऊन फिरणारा लूप) वापरून बघितलं, आत प्रिंट केलं की बदललेलं दिसतंय आणि बाहेर आलं की परत जुनंच. तीन दिवस झालेत म्हणतोय.

भावा, तीन दिवस जाणारच, कारण एरर कुठंच येत नाही, ही यातली खरी अडचण आहे. मी राजारामपुरीत बसून २००६ पासून पीएचपीच करतोय, त्यातली बरीच वर्षं दूध संस्था, पतसंस्था आणि ऊस बिलांचं काम, म्हणून तुझा डेटा वाचला आणि डोळ्यापुढं आलाच. सविस्तर लिहितो, जरा निवांत वाच.

आधी मुळातलं. पीएचपीत ॲरे ही व्हॅल्यू आहे, म्हणजे ती दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घातली, फंक्शनला दिली, फोरईचमध्ये एकेक ओळ काढली की तुझ्या हातात येते ती कॉपी. संस्थेत एक रजिस्टर असतं आणि उत्पादकाकडं एक कार्ड असतं बघ, सकाळी दूध घातलं की दोन्हीकडं तोच आकडा लिहितात. आता घरी बसून कार्डावरचा ६.२ खोडून ६.८ केलास तर संस्थेच्या रजिस्टरमध्ये काय बदलणार? काही नाही, आणि बिल निघतं ते रजिस्टरवरून. तू तीन दिवस कार्डावर खाडाखोड करतोयस. रजिस्टरवर लिहायचं तर हातात रजिस्टर पाहिजे, पीएचपीत ते & या चिन्हानं मिळतं, आणि तुझं ॲरे चार पातळ्या खोल असल्यामुळं हे & वरपासून खालपर्यंत प्रत्येक पातळीवर लागतं. एका पातळीवर जरी सुटलं तरी तिथून खालचं सगळं कार्डच. तुझा फोरईच मी बघितला, वरच्या तीन लूपना & आहे आणि सगळ्यात आतल्या लूपला नाही, बास, तिथंच तुटलंय.

आता तुझ्या कामाला सरळ फंक्शन आहे, ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह, पीएचपी ५ पासून आहे ते. हे आतल्या सगळ्या पातळ्या स्वतः उतरतं आणि फक्त शेवटच्या पानावर, म्हणजे जिथं ॲरे नसून साधी व्हॅल्यू आहे तिथं, तुझा कॉलबॅक, म्हणजे तू त्याला दिलेलं छोटं फंक्शन, बोलावतं. मधल्या पातळ्यांचं & ते सांभाळतं, तुला फक्त कॉलबॅकच्या पहिल्या पॅरामीटरला लावायचं. मी फोनवरून मराठी कीबोर्डवर टाइप करतोय म्हणून फंक्शनची नावंसुद्धा देवनागरीतच येतायत, एडिटरमध्ये ती रोमनमध्ये घाल. व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवलीस तरी पीएचपी चालवतं, ते खरंच चालतं, करून बघ.

ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह($संकलन, फंक्शन (&$व्हॅल्यू, $की) {
    $व्हॅल्यू = साफ_कर($व्हॅल्यू);
});

तो & काढून एकदा चालव आणि लावून एकदा चालव, फरक डोळ्यांनी बघ. काढलास तर फंक्शन मुकाट्यानं चालतं, खरं असं उत्तर पण देतं, आणि बदल शून्य.

हो, उत्तरावरून आठवलं, हे फंक्शन बदललेलं ॲरे परत देत नाही, ते फक्त ट्रू देतं. ॲरे_मॅपची सवय असलेली माणसं लिहितात $संकलन = ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह आणि पुढं तेच, आणि मग अख्ख्या गावाचं संकलन जाऊन व्हेरिएबलमध्ये एक ट्रू उरतो. डावीकडं काही लिहू नको. ॲरे_मॅपचं नेमकं उलट, ते तुझ्या ॲरेला हात लावत नाही आणि नवीन करून देतं, ते डावीकडं घेतलंच पाहिजे, शिवाय ते एकच पातळी चालतं, खाली उतरत नाही. तुझा पहिला प्रयत्न तिथंच फसला.

अजून एक, तयार फंक्शनचं नाव कॉलबॅक म्हणून सरळ देऊ नको. ॲरे_वॉकला ट्रिम असं नाव दिलं की काम झालं असं वाटतं, पण ट्रिम & घेत नाही, ते साफ केलेली स्ट्रिंग परत देतं आणि ॲरे_वॉक ती टाकून देतं, वर ॲरे_वॉक दुसरा आर्ग्युमेंट म्हणून की (त्या व्हॅल्यूचं नाव, जसं 'फॅट') पाठवतं आणि ट्रिमचा दुसरा आर्ग्युमेंट म्हणजे कुठली अक्षरं कापायची त्याची यादी, म्हणजे तो भलतंच काहीतरी करत बसतो. स्वतःचं छोटं फंक्शन लिहायचं, तीन ओळींचं का असेना.

आता साफ_कर च्या आत काय. इथं जरा थांबूया, कारण मराठी डेटाची सगळी मेख इथं आहे आणि याबद्दल कुणी लिहीत नाही.

पीएचपीला मराठी अंक कळत नाहीत. '६.८' या स्ट्रिंगला (मजकुराला) फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या आकड्यात, कास्ट केलंस तर येतो शून्य, वॉर्निंग नाही, काही नाही. आणि घोळ असा की यू फ्लॅग लावलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा नमुना तपासायची पद्धत) अंकासाठीचा डी वापरून तपासलंस तर मराठी ६ पास होतो, कारण तिथं युनिकोडचे सगळे अंक चालतात, म्हणजे तपासणी म्हणते आकडा आहे आणि कास्ट म्हणतो शून्य. म्हणून आधी अंक बदलायचे, मग तपासायचं, मग कास्ट, हा क्रम सोडायचा नाही.

अंक बदलायला एसटीआरटीआर वापरतात, पण तीन आर्ग्युमेंटवालं कधीच वापरू नको. ते बाइट बाय बाइट चालतं आणि मराठीचा एक अंक युटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइटचा असतो. पहिला बाइट सगळ्या दहा अंकांचा एकच, दुसराही एकच, फक्त तिसरा वेगळा. तू दिलेस मराठी दहा अंक म्हणजे तीस बाइट आणि इंग्रजी दहा अंक म्हणजे दहा बाइट, मग ते पहिल्या दहा बाइटांचीच जोडी लावतं, त्यात पहिला बाइट शेवटी ९ ला जोडला जातो आणि दुसरा ७ ला. म्हणजे कुठलाही मराठी अंक दिला की त्याची सुरुवात ९७ अशीच होते. '६.८' दिलंस की ९७ आणि पुढं एक तुटका बाइट, मग त्याला फ्लोट केलं की फॅट आली ९७. म्हशीच्या दुधाला ९७ फॅट. हे मी एका संस्थेच्या चाचणी बिलात स्वतः बघितलंय, लिहिणारा पोरगा हुशार होता, त्याला वाटलं दरपत्रकात चूक आहे आणि दोन दिवस तो दरपत्रक तपासत बसला.

बरोबर पद्धत म्हणजे एसटीआरटीआरला जोड्यांचं ॲरे द्यायचं, डावीकडं मराठी अंक उजवीकडं इंग्रजी, ॲरे_कंबाइननं एकदाच बनवून ठेवायचं. एसटीआर_रिप्लेसला दोन याद्या दिल्यास तरी चालतं.

मग स्पेस. एक्सेलमधून किंवा वेबपेजवरून कॉपी केलेल्या डेटात नॉन-ब्रेकिंग स्पेस येते, दिसायला साधी स्पेस पण ट्रिम तिला ओळखत नाही. इथं लोक एक उपाय करतात तो लई वाईट आहे, नीट वाच. ही स्पेस युटीएफ-८ मध्ये दोन बाइटची असते, सी दोन आणि ए शून्य. मग ट्रिमच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये हे दोन बाइट टाकतात. ट्रिमला अक्षर कळत नाही, बाइट कळतो, त्यामुळं तो टोकाला असलेला कुठलाही ए शून्य कापतो. आता मराठी ठ हे अक्षर युटीएफ-८ मध्ये ई शून्य, ए चार, ए शून्य असं आहे. म्हणजे ठ नं संपणारा शब्द आला की त्याचा शेवटचा बाइट उडाला. आणि आपल्या कोल्हापुरात पत्ते काय असतात? मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, बुधवार पेठ. अख्ख्या शहराच्या यादीत पेठेचा ठ तुटून जागोजागी चौकोनी डबे दिसायला लागतात, आणि नंतर तेच ॲरे जेसन_एनकोडला (डेटा जेसन या मजकुराच्या रूपात बाहेर द्यायचं फंक्शन) दिलं की ते चुकीचं युटीएफ-८ म्हणून सरळ फॉल्स देतं, स्क्रीन कोरी. पेठेतल्या माणसांचेच पत्ते तुटतात आणि कसबा बावड्याच्या माणसाचा बरोबर येतो, हे कोडं आमच्या ऑफिसात चार जणांनी मिळून सोडवलंय, तेव्हा ते बाइट एकेक करून कागदावर लिहून काढले होते.

उपाय सोपा आहे, आधी नॉन-ब्रेकिंग स्पेसच्या जागी एसटीआर_रिप्लेसनं साधी स्पेस घालायची, ते दोन बाइट जोडीनंच शोधतं त्यामुळं ठ ला धक्का लागत नाही, आणि मग साधा ट्रिम. सर्व्हर पीएचपी ८.४ वर असेल तर एमबी_ट्रिम आलंय, ते अक्षरं ओळखून कापतं. पण आपल्याकडच्या होस्टिंगवर अजून ७ पण सापडतं, त्यामुळं मी पहिलाच मार्ग धरतो.

फंक्शन साफ_कर($व्हॅल्यू) {
    $व्हॅल्यू = एसटीआर_रिप्लेस($चिकट_स्पेस, ' ', $व्हॅल्यू);
    $व्हॅल्यू = ट्रिम($व्हॅल्यू);
    $व्हॅल्यू = एसटीआरटीआर($व्हॅल्यू, $अंकजोड्या);
    रिटर्न इज_न्यूमेरिक($व्हॅल्यू) ? (फ्लोट) $व्हॅल्यू : नल;
}

$चिकट_स्पेस आणि $अंकजोड्या मी इथं आखूडपणासाठी तसेच वापरलेत, फंक्शनच्या आत बाहेरचं व्हेरिएबल दिसत नाही, तर ते कॉन्स्टंट करून ठेव.

शेवटची ओळ बघ. आकडा नसेल तर शून्य नाही, नल. जनावर भाकड आहे किंवा माणूस त्या वेळी आलाच नाही तर ऑपरेटर तिथं नुसती आडवी रेघ टाकतो. रेघेला फ्लोट केलंस तर शून्य येतो, आणि शून्य फॅट सरासरीत गेली की दहा दिवसांच्या बिलात त्या माणसाची सरासरी फॅट खाली, दर खाली, पैसे कमी. शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य आलं, नल म्हणजे मोजलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणं हे आपलं काम आहे, ऑपरेटरचं नाही.

पण आता वरचा कॉलबॅक जसाच्या तसा चालवलास तर नाव, पत्ता सगळ्याचं नल होईल, आणि मोबाईल तर फ्लोट होईल. म्हणून कॉलबॅकला दुसरा पॅरामीटर मिळतो तो वापर, की बघ आणि फक्त आपल्या कामाच्या पानालाच हात लाव.

ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह($संकलन, फंक्शन (&$व्हॅल्यू, $की) {
    इफ (इन_ॲरे($की, ['लिटर', 'फॅट', 'एसएनएफ'], ट्रू)) {
        $व्हॅल्यू = साफ_कर($व्हॅल्यू);
    }
});

इन_ॲरेचा तो शेवटचा ट्रू विसरू नको. पीएचपी ७ पर्यंत सैल तुलनेत पूर्णांक शून्य आणि अंक नसलेली कुठलीही स्ट्रिंग सारखीच मानायचे, म्हणजे ० बरोबर 'लिटर' खरं यायचं. आत कुठं साधी यादी असेल, समजा एकाच माणसाचे दोन मोबाईल, तर पहिल्याची की असते ०, ती 'लिटर'शी जुळली आणि पहिला मोबाईल साफ होऊन फ्लोट झाला, दुसरा तसाच. पीएचपी ८ मध्ये ही तुलना सुधारलीय, तरी ट्रू लिहायचाच, कारण तुझा कोड उद्या कुठल्या सर्व्हरवर चढेल ते तुला माहीत नाही.

कीची गोष्ट निघालीच आहे तर, तुझा पुढचा प्रश्न होता की उत्पादकाचे कोड पण मराठीत आहेत, '१०१', '१०२', आणि त्या कीज आहेत, त्या पण याच कॉलबॅकमध्ये बदलता येतील का. नाही येणार. कॉलबॅकला की मिळते ती फक्त बघायला, ॲरे_वॉकमध्ये बदलतात त्या व्हॅल्यू, ॲरेचा सांगाडा नाही. तिथं त्याच ॲरेत ओळी घालणं काढणं केलंस तर काय होईल याची भाषा कसलीच खात्री देत नाही, कधी चालल्यासारखं वाटेल आणि कधी ओळी गाळेल. कीजसाठी नवीन ॲरे बनवणं हाच रस्ता, जुन्यावरून एक फोरईच आणि नव्यात नव्या कीनं भरत जायचं. तेव्हा एक लक्षात ठेव, इंग्रजी अंकांची '१०१' अशी स्ट्रिंग की म्हणून दिलीस की पीएचपी तिचा पूर्णांक करतं, पण पुढं शून्य असेल, म्हणजे '००७' सारखी, तर ती स्ट्रिंगच राहते, आणि मराठी अंकांची तर नेहमीच स्ट्रिंग. एकाच ॲरेत तिन्ही प्रकार मिसळले की सॉर्टिंगला डोकं फिरतं. मी कोड नेहमी स्ट्रिंग म्हणून ओळीच्या आत पण ठेवतो.

आता पुढचं काम, रक्कम. आकडे साफ झाले की प्रत्येक ओळीत लिटर गुणिले दर अशी रक्कम घालायची आहेस ना, तिथं रिकर्सिव्हवालं उपयोगाचं नाही, कारण ते तुला फक्त पान देतं, पूर्ण ओळ कधीच देत नाही, ज्या कीखाली ॲरे आहे ती की कॉलबॅककडं येतच नाही. आणि रक्कम काढायला तर लिटर, फॅट, एसएनएफ तिन्ही एकदम हातात पाहिजेत. इथं वरच्या दोन पातळ्या फोरईचनं & लावून उतरायचं आणि ओळींच्या पातळीवर साधा ॲरे_वॉक.

फोरईच ($संकलन ॲज $जनावर => &$वेळा) {
    फोरईच ($वेळा ॲज &$ओळी) {
        ॲरे_वॉक($ओळी, फंक्शन (&$ओळ, $कोड) यूज ($दरपत्रक, $जनावर) {
            $ओळ['रक्कम'] = रक्कम_काढ($ओळ, $दरपत्रक[$जनावर]);
        });
    }
    अनसेट($ओळी);
}
अनसेट($वेळा);

यात ओळीच्या आत 'रक्कम' ही नवीन की घातली ते चालतं, कारण आपण चालतोय ते ओळींच्या ॲरेवर आणि ओळ ही त्यातली एक व्हॅल्यू आहे, सांगाडा बदलत नाही. दरपत्रक यूजमधून आत नेलंय, म्हैस आणि गाय यांचे पाये वेगळे असतात, म्हशीला ६.० फॅट ९.० एसएनएफ आणि गाईला ३.५ आणि ८.५ धरून पुढं चढउतार, म्हणून जनावरसुद्धा आत पाहिजे. किती ओळी नल निघाल्या ते मोजायचं असेल तर मोजणीचं व्हेरिएबल यूजमध्ये & लावून घे, नाहीतर आत वाढतं आणि बाहेर शून्य राहतं, परत तोच कार्ड आणि रजिस्टरचा प्रकार. छोटी ॲरो फंक्शनं पीएचपी ७.४ पासून आलीत आणि त्यांच्या पॅरामीटरला & लावता येतो, पण बाहेरची व्हेरिएबलं ती फक्त कॉपीनंच घेतात, मोजणीला त्यांचा उपयोग नाही.

आता ते दोन अनसेट, म्हणजे त्या नावाची गाठ सोडणं. हे मी मनापासून सांगतोय, ही ओळ टाळू नको. माझ्याकडून झालेली चूक सांगतो. एका गावच्या संस्थेचं काम, नाव घेत नाही, तिथं मी आधी फोरईचमध्ये &$ओळ घेऊन रकमा भरल्या आणि खाली प्रिंटसाठी परत फोरईच, तेच $ओळ नाव, यावेळी & शिवाय. चाचणीला बिलं बघितली, वरची वीस पंचवीस, बरोबर. बिलं वाटली. दुसऱ्या दिवशी एक आज्जी कार्ड घेऊन संस्थेत आली, म्हणाली माझी एक म्हैस आणि बिल तीन म्हशींचं आलंय, हे पैसे माझे न्हवंत. तिचा कोड यादीतला शेवटचा होता. तिच्या आधीच्या कोडवाल्याचं बिल जसंच्या तसं तिच्या जागी छापलं होतं.

काय झालं ते तीन ओळींवर दाखवतो. रकमा समजा १००, २००, ३००. पहिला लूप संपला तेव्हा $ओळ हे नाव शेवटच्या जागेलाच बांधलेलं राहिलं, लूप संपला म्हणून गाठ सुटत नाही. दुसरा लूप सुरू झाला, पहिली फेरी, $ओळ मध्ये १०० घातले, पण $ओळ म्हणजे तिसरी जागाच, तर ॲरे झालं १००, २००, १००. दुसऱ्या फेरीत २०० घातले, झालं १००, २००, २००. तिसऱ्या फेरीत तिसरी जागा स्वतःतच घातली, २०० राहिले. ३०० गेले. नुसतं वाचायचा लूप होता तो, लिहायचा नव्हता, आणि तरी डेटा बदलला. आज्जी प्रामाणिक म्हणून कळलं, आकडा कमी आला असता तर भांडण करून कळलं असतं, आणि दोन्हीतलं काही झालं नसतं तर दर दहा दिवसांनी शेवटच्या माणसाचं बिल चुकत राहिलं असतं. तेव्हापासून फोरईचमध्ये & टाइप केला की त्याच क्षणी खालचं अनसेट टाइप करतो आणि मग आतला कोड लिहितो.

ती गाठ अजून एक त्रास देते. गाठ जिवंत असताना ते ॲरे दुसऱ्या फंक्शनला साध्या पद्धतीनं दिलंस, तर बाकी सगळ्याची कॉपी जाते पण गाठ मारलेली जागा दोघांत सामाईक राहते, आणि त्या फंक्शननं आपल्या कॉपीत काही बदललं तर तुझ्याकडं शेवटची ओळ बदलते. ॲरे_वॉकच्या कॉलबॅकमध्ये हा धोका जवळजवळ नाही, कारण कॉलबॅक संपला की त्याचा पॅरामीटर संपतो, गाठ आपोआप सुटते. मला विचारशील तर जाग्यावर बदलायचं असेल तिथं मी फोरईचपेक्षा कॉलबॅकच जास्त पसंत करतो ते याच कारणासाठी.

शेवटचा प्रकार, जेव्हा कीच्या नावावरून भागत नाही. समजा 'नंबर' ही की उत्पादकाखाली पण आहे आणि बँकेखाली पण, एक बदलायची एक नाही. ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह फक्त पानाची की देतं, वरून कुठल्या वाटेनं आलो ते सांगत नाही. तेव्हा स्वतःचं फंक्शन लिही, दहा ओळींचं काम आहे.

फंक्शन चाल(&$ॲरे, $काम, $वाट = []) {
    फोरईच ($ॲरे ॲज $की => &$व्हॅल्यू) {
        $इथली_वाट = [...$वाट, $की];
        इफ (इज_ॲरे($व्हॅल्यू)) {
            चाल($व्हॅल्यू, $काम, $इथली_वाट);
        } एल्स {
            $काम($व्हॅल्यू, $इथली_वाट);
        }
    }
    अनसेट($व्हॅल्यू);
}

यात & किती ठिकाणी आहे मोज, फंक्शनच्या पॅरामीटरला, फोरईचला, आणि तू देशील त्या कॉलबॅकच्या पॅरामीटरला. तीनपैकी एक जरी राहिला तर परत तुझ्या पहिल्या दिवसावर आलास. आणि कॉलबॅक असा सरळ $काम लिहून कंस करून बोलाव, कॉल_यूजर_फंक वापरू नको, ते आर्ग्युमेंट & नं पुढं देतच नाही, कॉपी देतं. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या कोडमध्ये फंक्शन बोलावतानाच & लावलेला दिसेल, ते ५.४ पासून बंद झालंय, फेटल एरर येते, & आता फक्त फंक्शनच्या व्याख्येत. तसंच क्रिएट_फंक्शन नावानं स्ट्रिंगमध्ये कोड लिहिलेला दिसला तर तो २००९ च्या ५.३ आधीच्या जमान्यातला समज, तेव्हा क्लोजर, म्हणजे वर वापरली तशी जागेवरच लिहिलेली बिननावाची फंक्शनं, नव्हते आणि आम्ही तसंच लिहायचो, ८ मध्ये ते काढूनच टाकलंय.

डेटा जर जेसनमधून येत असेल तर डीकोड करताना दुसरा आर्ग्युमेंट ट्रू दे, नाहीतर आत ऑब्जेक्ट येतात, ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह ऑब्जेक्टच्या आत उतरत नाही, अख्खा ऑब्जेक्टच एक पान म्हणून कॉलबॅककडं देतं, मग कीची तपासणी नसेल तर साफ_कर तिथं फुटतं आणि असेल तर काहीच साफ होत नाही.

तू जावास्क्रिप्ट पण करतोस म्हणालास, तिथली सवय इकडं आणू नको. तिकडं आतली ओळ ऑब्जेक्ट असते आणि ती हातात आली की रजिस्टरच हातात असतं, फोरईचमध्ये ओळीची फॅट बदलली की मूळात बदलते, & वगैरे काही नाही. पण तिकडं सुद्धा पॅरामीटरलाच नवीन व्हॅल्यू दिलीस तर मूळ बदलत नाही, तिथं तिसरा पॅरामीटर म्हणजे मूळ ॲरे आणि दुसरा म्हणजे इंडेक्स घेऊन त्या जागी लिहावं लागतं.

मेमरी वाचते म्हणून जाग्यावर बदलायचं, असं तू लिहिलंयस, त्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. पीएचपी कॉपी लगेच करत नाही, तू बदल करेपर्यंत दोन्ही नावं एकाच डेटावर बसलेली असतात, आणि एका गावाच्या संस्थेचा दहा दिवसांचा डेटा असतोच केवढा. साफसफाईला जाग्यावर बदल हवाच, कारण घाण मूळ परत कुणी चुकून वापरू नये. पण रकमेचा हिशोब मी तरी नवीन ॲरेत काढतो, म्हणजे उद्या कुणी विचारलं की माझी फॅट किती धरली आणि दर किती लावला तर साफ केलेला आकडा आणि निघालेली रक्कम शेजारी शेजारी दाखवता येते. वर तुला जाग्यावरचं दिलंय कारण तू तेच विचारलंस.

आता असं कर. एकाच वेळेचं, समजा सकाळचं म्हशीचं, तेवढंच ॲरे घे, साफ करायच्या आधी ते एका वेगळ्या नावात ठेव, मग कॉलबॅक चालव, आणि पहिल्या तीन, मधल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी जुन्या नव्या शेजारी छापून ऑपरेटरच्या हातातल्या कागदाशी जुळव. शेवटच्या दोन नक्की बघ. नल किती निघाले ते मोज आणि कागदावर रेघा किती आहेत ते मोज, आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर ज्या ओळीला फरक आला तिची मूळ स्ट्रिंग बिन२हेक्स करून बाइटांसकट इथं टाक, बघतो मी.